सांभाळणारं कोणी नाही

ता. ४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
थोरल्या जावेचे अ. उ. आ. वि. वि.

तर सगळ्यांत आधी टपकली ती वरच्या मजल्यावरची केस कापणारी बाई. बोलावलं होतं कोणी? कोणी नाही. नातीला दात आला ही बातमी जिन्यातून वर गेली आणि बाई खाली उतरली. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, तरी दोघी तासभर बोलत होतो आणि तिचं तिच्या सासूशी पटत नाही एवढं मला नक्की कळलं. तिच्या मागोमाग जावईबापूंच्या लिफ्ट कंपनीतले दोघे आले, तेलकट हात घेऊन, आणि ते टेकतात न टेकतात तोच वकीलबाई. मी सगळ्यांना चहा केला. लेक कानात म्हणाली की आई, इथं येईल त्याला चहा करत नाहीत. मी म्हटलं, मग हे प्यायले कसे?

नातीला मी ढब्बी म्हणते. दुसरं काही म्हणवतच नाही, गालच तसे आहेत. दात खालचा आहे, तांदळाच्या कणीएवढा. पण चावते अशी की मला तुझी आठवण येते.

लेकीची नर्सची ड्यूटी, आज दिवसा तर उद्या रात्री. जावईबापू लोकांच्या इमारतींत अडकलेल्या लिफ्टा सोडवत फिरतात. मग ढब्बीला बघायला कोण? मी. तिला न्हाऊ घालते, खालच्या बागेत नेते, बाकावरच्या म्हाताऱ्यांना दाखवते. तुला हे सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण मला सांगायला आवडतं. आमचे हे गेल्यापासून इतकं हसले नव्हते मी.

काय सांगत होते? हां, वकीलबाई. मी इथं आले ती पाहुणी म्हणून, आणि पाहुणीची मुदत संपत आली. लेक-जावई आता इथले नागरिक झालेत, म्हणून आईला कायमचं ठेवून घ्यायचा अर्ज त्यांना करता येतो. पण त्यात एक मेख आहे. आईला तिच्या गावी सांभाळणारं कोणी नाही, असं दाखवावं लागतं. गावी कोणी असेल तर आईनं गावी जावं, असा इथला कायदा. मी म्हटलं, कोणी नाही कसं, माझी धाकटी जाऊ आहे, दीर आहे, त्यांचा मुलगा-सून आहे, खाली गाद्यांचं दुकान, वर घर. वकीलबाई म्हणाल्या, तीच तर अडचण.

तेव्हा तू एवढंच करायचं. तिथल्या वकिलाकडून लिहून घ्यायचं की थोरल्या जावेला सांभाळणं माझ्याच्यानं होत नाही, आणि खाली सही. तुला नवीन काही सुचवायला नको. जन्मभर ओट्याशी उभी राहून भिंतीला जे ऐकवत आलीस, की ह्या बाईचं माझ्याच्यानं होत नाही, तेच कागदावर घ्यायचं. आजवर नुसतं बोललीस, आता कामी येईल.

भावजींना नमस्कार, नव्या सुनेला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची घाई नाही.
तुझी,
थोरली

ता. २० फेब्रुवारी

ती. जाऊबाईंना,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ढब्बीला दात आला हे वाचून आनंद झाला. तो तिनं तुमच्यावर रोज घासावा.

दुसऱ्या कामाचं म्हणाल तर मी सही करणार नाही.

जाऊबाई, लिहिण्याआधी जरा विचार करत जा. तुमचा पाय मोडला तेव्हा जिना चढून गरम पाणी कोणी नेलं? तुम्ही पलंगावर बसून पाणी कोमट आहे म्हणत होता, आणि मी पुन्हा खाली जाऊन पुन्हा तापवून आणत होते. आणि आता मी वकिलासमोर उभं राहून सांगायचं की थोरलीला मी सांभाळत नाही? वकील तरी कोण, कोपऱ्यावरचा. त्याच्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत उशीचा अभ्रा घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा मला विचारील की थोरलीला बाहेर काढलंत म्हणे. तुम्ही तिकडे बागेत बसाल. गल्लीतून चालायचं मला आहे.

आणि सुनेला आशीर्वाद पाठवलेत, तिचं एक सांगते. ती भांडत नाही. मीठ जास्त झालं म्हटलं तर हो आई. कमी झालं म्हटलं तरी हो आई. अशी माणसं सगळं बघून ठेवतात. आज सासूनं जावेसाठी कागद केला, उद्या ती माझ्यासाठी करील, आणि मी रडायला लागले तर म्हणेल हो आई.

ह्यांचं म्हणणं, दोन ओळी लिहून टाक, वहिनीचं काम होऊन जाईल. मी म्हटलं, तुम्ही कापूस पिंजा.

तुमची खोली तुमची आहे. यायचं तेव्हा या. इकडचा लोभ कधी कमी पडला नाही, आणि हे मात्र कोणत्याही कागदावर लिहून द्यायला मी तयार आहे.
आपली,
धाकटी

ता. ९ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. देते, हाताला सवय आहे म्हणून.

तू मला सांभाळलंस? माझं तोंड उघडायला लावू नकोस. मी खिडकी उघडली की तू मागून येऊन लावायचीस, कापूस उडतो म्हणून. कापूस दुकानात गं, माझ्या खोलीत कुठला? चहाचा कप असा आपटायचीस की गल्लीला कळावं, थोरलीला चहा मिळाला. माझ्या माहेरची माणसं आली की तुझं डोकं दुखायचं, आणि ती वळणावर पोचली की थांबायचं. गरम पाणी आणलंस ते खरं. पण एकेका पायरीवर थांबून अशी कण्हत आणलंस की मला वाटलं पाय तुझाच मोडलाय.

आता इथल्या कचेरीत काय झालं ते ऐक. सगळी माणसं काचेमागे. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, जसं काही आम्ही डोक्यावर घेऊन पळणार. दारावरच्या पहारेकऱ्यानं माझी पिशवी उपडी केली, ढब्बीची दुधाची बाटली उघडून हुंगली. काचेमागच्या बाईनं माझी बोटं एका यंत्रावर ठेवायला लावली. यंत्रात काही उमटेना. दाभणानं गाद्यांना टाके घालून घालून आपली बोटं गुळगुळीत झालेली, यंत्राला धरायला रेघच नाही. तिनं ओल्या फडक्यानं पुसायला लावली, दाबायला लावली, शेवटी काचेखालून हात घालून स्वतःच असं दाबलं की मी ओरडले. मग लेकीला विचारते, बाईनं बोटांना काही फासलंय का. म्हणजे मी चोर. लेक रडकुंडीला आली. मागचा माणूस घड्याळावर बोट आपटत होता. मी त्या काचेवालीला आपल्या भाषेत म्हटलं की तुझ्या गादीत ढेकूण होवोत. तिला कळलं नाही, पण मला बरं वाटलं. ढब्बी मात्र खुदकन हसली, तिला कळलं.

तर अर्ज गेला. तुझ्या सहीवाचून गेला. तिकडे आईला सांभाळणारं कोणी नाही, असं लेकीनंच लिहून दिलं. वकीलबाई म्हणतात, कचेरीची माणसं आता तिकडे घर बघायला येतील, आणि सांगून येणार नाहीत. तू खोटं काही करायचं नाहीस. नेहमीसारखी वाग, बस. दारात उभं ठेव, चहा विचारू नकोस, कपाळावर आठ्या असू देत. माझी खोली बघायची म्हणाले तर खुशाल उघडून दाखव. तिथं तू कापसाची पोती रचली असशील याची मला खात्री आहे. एवढ्यानं माझं काम होतं, मी ढब्बीजवळ राहते, आणि तुझीही सुटका.

ढब्बी रांगायला लागली. पुढे जायचं म्हणते आणि मागे जाते, भावजींसारखी.

लोभ असो नसो, एवढं एक कर.
थोरली

ता. २ एप्रिल

ती. जाऊबाईंना,
सा. न. वि. वि.

आली तुमची माणसं. एक बाई आणि एक बुवा, दोघांच्या गळ्यात पट्ट्या आणि पट्ट्यांना त्यांचे फोटो. दुकानात हे एकटे होते. थोरल्या बाईंचं घर हेच का म्हणून विचारलं, तर ह्यांनी घाबरून हो म्हटलं आणि मला हाका मारायला लागले. मी वरून डोकावले. मग काय, पदर खोचला. सूनबाईला म्हटलं, त्यांना जिन्यात बोलण्यात गुंतव. ती म्हणाली हो आई, आणि जिन्यात जाऊन नुसती उभी राहिली, पण आडवी उभी राहिली, तेवढं पुरलं.

तुमच्या खोलीत पोती होती. हो, होती. जागा कुठाय दुसरी? ती सगळी मी मागच्या गच्चीत लोटली. गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नासाठी भरलेली गादी होती, अजून दोरासुद्धा तोडला नव्हता, ती उचलून तुमच्या पलंगावर टाकली. वर कोरी चादर. दांडीवर तुमची हिरवी साडी. खिडकी सताड उघडली. आणि मग त्यांना वर घेतलं.

चहा दिला. पुन्हा दिला. बाईंनी विचारलं, थोरल्या बाई परत आल्या तर राहतील कुठं? मी म्हटलं, राहतील कुठं म्हणजे? घर त्यांचं, आम्हीच त्यांच्याकडे राहतो. आजारी पडल्या तर? मी म्हटलं, माझ्यासमोर आजारी पडायची त्यांची छाती नाही. बाई हसल्या आणि लिहून घेतलं. हे मध्येच म्हणायला लागले की तसं आमचंही आता वय झालंय. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ते खाली जाऊन गिऱ्हाइकाशी बोलायला लागले, गिऱ्हाईक नव्हतं तरी.

तोवर जिन्यात अर्धी गल्ली जमली होती. वकिलाची बायको सगळ्यांत पुढं. न विचारता सांगत होती की ह्या दोघी जावा म्हणजे पाठच्या बहिणी. बाई जाताना काय म्हणाल्या ऐका. इतकी घरं पाहिली पण माणसाला असं धरून ठेवणारं घर पाहिलं नव्हतं, असं म्हणाल्या. गल्लीनं ऐकलं.

आता कोणाला सांगताय सांभाळणारं कोणी नाही म्हणून? मीही अशी तशी नाही.

आपला लोभ आता सरकारी झाला. तो असाच असावा.
आपली,
धाकटी

ता. २८ एप्रिल

धाकटे,

आज आशीर्वाद नाही. हात उचलत नाही.

अर्ज नाकारला. कागदावर लिहून आलं आहे की अर्जदार बाईंना त्यांच्या गावी प्रेमळ कुटुंब, हवेशीर खोली आणि उत्तम गादी उपलब्ध आहे. उत्तम गादी! वकीलबाईंनी ते वाचून दाखवलं आणि मला विचारलं की मी त्यांच्याशी खोटं बोलले का. लेक म्हणाली, काकूनं मुद्दाम केलं. मी म्हटलं नाही गं, मुद्दाम करायला अक्कल लागते. पोती होती ना तिथं? होती! पोती राहू दिली असतीस तर आज मी इथं राहिले असते. चार माणसं येणार म्हटल्यावर तुला घर आवरल्याशिवाय राहवत नाही, हा तुझा रोग आहे.

मी गेले की काय होणार सांगू? लेकीनं नोकरी सोडायची, नाहीतर ढब्बीला पाळणाघरात टाकायचं. मी बघून आले ते पाळणाघर. स्वच्छ आहे. भिंतीला खुंट्यांची ओळ, प्रत्येक खुंटीवर एकेक पिशवी, आणि खाली पोरं गप्प बसलेली. पोरं कधी गप्प बसतात का? एक तर दाराकडे तोंड करून बसलं होतं, दार उघडलं की मान वर, बंद झालं की खाली. मी ढब्बीला उचललं आणि चालू लागले, बाई मागून हाका मारत होती.

एकदाच दाद मागता येते. ती मागितली आहे. ह्या वेळी तिकडे कोणी येणार नाही, इथली साहेबीण घरी येऊन मलाच समोर बसवून विचारणार. वकीलबाईंनी एक वाक्य दिलं आहे. गावी कोण आहे विचारलं की म्हणायचं, सांभाळणारं कोणी नाही. पुढं गप्प. मी ढब्बीला मांडीवर घेऊन पाढ्यासारखं म्हणते, तीही आता तोंड हलवते.

तुझ्याकडून मला काहीच नको. काहीच करू नकोस, तेवढं तरी जमव.

लोभाचं तुझं तू बघ.
थोरली

ता. १६ मे

ती. जाऊबाईंना,
सा. न.

मला अक्कल नाही हे लेखी मिळालं. जपून ठेवलं आहे.

तुमच्या पायी ती लग्नाची गादी चेपली, वर बुवाच्या हातातून चहा सांडला. आख्खी उसवून नव्यानं भरून द्यावी लागली. माझ्या हातानं भरली, मुलाला दिली नाही. टाके घालताना प्रत्येक टाक्याला तुमचं नाव घेतलं, आणि चांगल्या मनानं नाही.

इथं सगळं ठीक आहे. घर शांत आहे. परवा मी मुद्दाम सुनेच्या भाजीला नावं ठेवली. ती म्हणाली, उद्या वेगळी करते. झालं, तिथंच संपलं. दुसऱ्या दिवशी खरंच वेगळी केली.

त्या साहेबिणीसमोर तुम्हाला काय सांगायचं ते सांगा. धाकटी कैदाशीण आहे म्हणा. पोटाला देत नव्हती म्हणा, अंगावर धावून येत होती म्हणा. तिकडे मला कोण ओळखतंय? तिथली गल्ली माझी नाही. माझ्या हातची सही तेवढी मागू नका, बाकी माझ्या नावाचं काय करायचं ते करा. पोरीजवळ राहायचंय ना? राहा.

मला वाईट ठरवून होत असेल तर होऊ दे एकदाचं.
धाकटी

ता. ३ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

येऊन गेली साहेबीण. जाड चष्म्याची. बरोबर एक दुभाषा, कारण लेकीनं मध्ये बोललेलं चालत नाही. लेक ड्यूटीचे कपडे घालून भिंतीशी उभी, जावईबापू माझ्या खुर्चीमागे, ढब्बी माझ्या मांडीवर. चष्मेवाली बूट घालूनच आत आली. सगळ्या खोल्या हिंडली, कपाटं उघडली, माझी उशी उचलून खाली बघितलं. चहा नको म्हणाली. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायली.

मग बसली आणि सुरू झाली. झोपता कुठं? खाता काय? औषध कोणतं? विचारायची आणि उत्तर येईपर्यंत माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायची. मग म्हणाली, गावी कोण आहे? परत गेलात तर ठेवून कोण घेईल? मी वाक्य म्हटलं, सांभाळणारं कोणी नाही. ती म्हणाली की आधीच्या चौकशीत एक जाऊ आहे असं लिहिलंय. वकीलबाईंनी गप्प राहायला सांगितलं होतं. पण तू परवानगी दिली होतीस ना, मग मी कशाला सोडते? सांगायला बसले. तू माझ्या ताटात करपलेलं वाढायचीस ते सांगितलं. मी देवळात गेले की मागून दाराला कडी घालून, ऐकू आलं नाही म्हणायचीस ते सांगितलं. माझा चष्मा तुझ्या डब्यात सापडला होता ते सांगितलं. गल्लीत तू माझी कशी नक्कल करतेस ती तर करूनच दाखवली. मला रंग चढला. दुभाषा तोंडाला रुमाल लावून हसत होता. चष्मेवाली लिहीत होती, लिहीत होती. लेकीनं माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरलेले, आणि मला कळलं की जमलं. सगळं जमलं होतं गं, धाकटे. वही मिटली होती तिनं.

वही मिटताना ती काहीतरी पुटपुटली. दुभाषानं सांगितलं की बाई म्हणतात, घरातल्या विधवेशी अशी वागणारी बाई हलकीच असणार. अशांना माणूस म्हणू नये. तुम्ही सुटलात.

मी उभी राहिले. ढब्बी मांडीवरून घसरली, जावयांनी झेलली. मी म्हटलं, कोण हलकी? तू कोण गं तिला बोलणारी? तिला बोलायची ती आमची सासू, ती गेली. आता फक्त मी. तू गावच्या आमच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाहीस, कपभर चहा घेतला नाहीस, आणि माझ्या जावेला हलकी म्हणतेस? ही पोरगी दिसते ना भिंतीशी, जिच्या घरात बूट घालून बसली आहेस? हिचे वडील गेले आणि हिला शिकायला बाहेर पाठवायची वेळ आली, तेव्हा सासऱ्यांनी नाही म्हटलं, दिरांनी नाही म्हटलं, मला तर कोणी विचारतच नव्हतं. तेव्हा ती हलकी बाई दारात उभी राहिली आणि सासऱ्यांना म्हणाली की पोरगी जाणार, आणि ज्याला अडवायचं असेल त्यानं आधी मला बाजूला करावं. सासऱ्यांसमोर आवाज चढवला तिनं, ज्या घरात मोठ्यानं खोकायची सोय नव्हती तिथं. पुढं कितीतरी दिवस तिच्याशी घरात कोणी बोललं नाही. स्वतःचा मुलगा दुकानात बसवला आणि माझी मुलगी शिकवली. आणि तू मला विचारतेस, परत गेले तर ठेवून कोण घेईल? ती घेईल. शिव्या देत घेईल, पण घेईल.

मी दुभाषाकडे वळले. मी म्हटलं, सांग तिला. सगळं सांग, एक शब्द गाळलास तर बघ. त्यानं लेकीकडे बघितलं, जावयांकडे बघितलं, आणि सांगितलं. चष्मेवालीनं ऐकून घेतलं. मग मिटलेली वही उघडली आणि लिहिलं.

ती दुभाषाला घेऊन गेली. जावईबापूंनी ढब्बीला खिडकीशी नेऊन रस्त्यावरच्या गाड्या दाखवल्या. लेक पिशवी उचलून कामावर निघाली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, पण हलकेच लावून गेली. मग जिन्यातून परत आली, दार अर्धवट उघडून म्हणाली की तिला वाटत होतं, आजोबांनीच पाठवलं होतं. काकूचं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. एवढं बोलून पुन्हा गेली. वकीलबाईंना फोन केला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मी तुम्हाला एकच वाक्य दिलं होतं.

आता तू ऐक. हे सगळं तुझ्यामुळं झालं. तू साधी सरळ वाईट असतीस तर मला उभं राहावं लागलं नसतं. पण तुला धड वाईटही होता येत नाही. ढब्बी माझं बोट धरून उभी राहायला लागली आहे. पाऊल टाकील तेव्हा कोणाचं बोट धरून टाकील, ते मला आता दुसऱ्यांकडून कळायचं. ह्यासाठी मी तुला माफ करणार नाही. पत्रातून तर नाहीच. समोर येऊन, तोंडावर, सकाळ-संध्याकाळ ऐकवणार आहे, आणि तूही हो जाऊबाई म्हणून मला गप्प करायला बघू नकोस, उलट बोल.

भावजींना नमस्कार. सुनेला म्हणावं, जरा भांडायला शीक.

लोभ आपल्याला कधी जमला नाही, वैर तेवढं टिकवून ठेव.
तुझी,
थोरली

ता. क. दाद मागितल्यावरचा निकाल पहिल्यासारखा टपालानं पाठवत नाहीत. चष्मेवाली स्वतः येऊन वाचून दाखवणार, दुभाषालाही आणणार. गुरुवारी येतो म्हणून सांगून गेलेत.